१९९१ चं श्रेय नरसिंह रावांना का मिळत नाही?

ठाणे पश्चिम: ऑफिसात परवा वाद झाला, सगळे म्हणतात १९९१ च्या आर्थिक सुधारणा म्हणजे तेव्हाचे अर्थमंत्री मनमोहन सिंग. अरे पण पंतप्रधान कोण होते? रावांचं नाव कुणी घेतच नाही, असं का?

वागळेकर: माणूस स्वतःचा गाजावाजा करायचाच नाही. उद्योग खातं स्वतःकडेच होतं, २४ जुलै १९९१ ला नवं औद्योगिक धोरण आलं, १८ उद्योग सोडून बाकीच्यांना सरकारी लायसन्स घ्यायची अट रद्द, आणि त्याच दिवशी काही तासांनी बजेट, मग चर्चा बजेटचीच होणार ना.

ऐरोली: मला आयटीत नोकरी मिळाली ती त्या बदलामुळेच हे मान्य, पण बाबा लेथवर होते, बाहेरचा माल आला आणि त्यांची कंपनी बसली, गेटला टाळं लागलं तरी महिनाभर डबा घेऊन जायचे, वाटायचं उघडेल. ते पण वारशातच धरा.

वागळेकर: धरायलाच हवं ताई. पण इमेज त्याने नाही गेली, ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली त्याने गेली. त्यात मी पण त्यांना माफ करत नाही.

कोपरी: आपल्या रामटेकचे खासदार होते, मराठी उत्तम यायचं. भारतरत्न मिळालं ते थेट २०२४ ला, जाऊन वीस वर्षं होत आल्यावर.