सडा, पठार आणि कातळ : जांभ्याच्या माळाला काय म्हणावे?

फलकलेखिका : रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पांच्या एका माहितीफलकाचा मजकूर मी इंग्रजीतून मराठीत करीत आहे. शिल्पे असलेला सपाट, उंच भूभाग, तिथला खडक आणि त्या खडकाचा उघडा पृष्ठभाग यांसाठी मी अनुक्रमे 'सडा', 'जांभा' आणि 'कातळ' हे शब्द योजले होते. मजकूर तपासणाऱ्या साताऱ्याच्या गृहस्थांनी 'सडा' खोडून 'पठार' केले आणि जांभ्याला कातळ म्हणणे अशास्त्रीय असल्याचा शेरा मारला. आपले मत काय?

घाटमाथा : शेरा मला योग्य वाटतो. देशावर कातळ म्हणजे काळा बेसाल्ट, म्हणजेच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून जो दख्खनचा पाया झाला आणि ज्यात अजिंठा-वेरूळची लेणी खोदली गेली, तो पाषाण. त्याच बेसाल्टमधून उष्ण आणि दमट हवेत सिलिका, चुना वगैरे झिरपून गेले आणि लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली, तेव्हा जांभा झाला. कुजलेल्या खडकाला कातळ कसे म्हणणार?

सड्यावरची : मग 'कातळशिल्प' हा शब्दही खोडावा लागेल, कारण कोकणातली ही शिल्पे बहुतांशी जांभ्यातच कोरलेली आहेत. आमच्या राजापूर तालुक्यात कातळ हे खडकाच्या जातीचे नाव नाही; जिथे माती टिकत नाही अशा उघड्या जमिनीला आम्ही कातळ म्हणतो, म्हणून आंब्याची कलमेसुद्धा 'कातळावरची' असतात. शिवाय जांभा खाणीत कापताना मऊ असला तरी उघड्यावर वाऱ्यापावसात टणक होतो, हे चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाचे, घर बांधलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

शब्दवेल्हाळ : 'सडा' हा 'सडाफटिंग'मधलाच असावा, असा माझा जुना तर्क आहे. ज्याच्या अंगावर झाड नाही, घर नाही, असा एकटा माळ तो सडा. जांभ्याचा संबंध मात्र जांभळाच्या रंगाशी असावा.

घाटमाथा : तर्क रम्य आहे, पण अंगणातल्या सड्याचे काय करायचे? आणि ताजा चिरा जांभळा कमी, तांबडा अधिक दिसतो.

भूशास्त्राचा विद्यार्थी : जांभा कासच्या पठारावर आणि पाचगणीच्या टेबललँडवरही आहे, पण तिथे तो समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे आणि कोकणात शे-दोनशे मीटरच्या आसपास. खडक तोच असला तरी भूरूपांत फरक आहे. सड्यावर पडलेले पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपून खालच्या चिकणमातीवर अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, त्यामुळे वाड्या पायथ्याशी वसतात आणि वरचा माळ मोकळा राहतो. हा सगळा अर्थ 'सडा' या शब्दात येतो, 'पठार' म्हटल्याने तो निसटतो. अभ्यासात मात्र जांभ्यासाठी 'लॅटेराइट' हाच शब्द ठेवावा, अन्यथा अचूकपणा जाईल.

सड्यावरची : अचूकपणा परभाषेतूनच का यावा? ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. आमचा गवंडीही बांधकामाच्या उपयोगावरूनच त्याला चिरा म्हणतो, त्याचे नाव तेवढे गावंढळ ठरते!

मुरगावकर : गोव्यातही सडा आहे. वास्कोजवळच्या त्या वस्तीला आज इंग्रजी-मराठी मिसळून 'हेडलँड सडा' म्हणतात, म्हणून हा शब्द केवळ रत्नागिरीचा मानू नये.

फलकलेखिका : फलक छपाईला जायचा आहे, तेव्हा 'सडा' ठेवू की 'पठार'?

घाटमाथा : 'सडा' ठेवा, पण कंसात 'जांभ्याचे पठार' लिहा, कारण फलक वाचणारे निम्मे लोक घाट उतरून आलेले असतील. 'कातळा'बद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.

सड्यावरची : कंस नको. सड्यावर उभे राहून फलक वाचणाऱ्याला सडा म्हणजे काय ते पायाखालीच दिसत असते. आणि चिरा व जांभा यांत फरक करावा की नाही, हा प्रश्न उरतोच.