सीसीटीव्हीतली नंबरप्लेट क्लिअर करून कोर्टात देता येते का?

निशाचर:
परवा रात्री एका गाडीने माझ्या भावाला धडक दिली आणि न थांबता निघून गेली. समोरच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय पण प्लेटच्या जागी नुसता पांढरा ठिपका दिसतोय. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा बॉक्स) लावून स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग केलं, ते एका एआय अ‍ॅपमध्ये टाकलं तर चक्क नंबर वाचता आला! हेच वकिलांना देऊ का?

जुनाफ्रेम:
भाऊ कसा आहे आता? पण तो नंबर कुणाला देऊ नका प्लीज. एआय हरवलेलं परत आणत नाही, आधी पाहिलेल्या हजारो फोटोंवरून अंदाजाने भरतं, ३ चा ८ झाला तर भलताच माणूस अडकेल. २०२४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका कोर्टाने खुनाच्या केसमध्ये एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला होता, कारण त्यात मुळात नसलेले पिक्सेल आले होते.

आयफ्रेम:
मोबाईलचं शूटिंग पण बाजूला ठेवा. डीव्हीआरमधून मूळ फॉरमॅटमध्येच एक्सपोर्ट करा, सोबत त्याचा प्लेअर पण घ्या, आणि लगेच SHA-२५६ हॅश (फाईलचा डिजिटल ठसा) काढून लिहून ठेवा म्हणजे फाईल बदलली नाही हे नंतर दाखवता येतं. जे काही करायचं ते कॉपीवर.
ठिपका पूर्ण पांढरा असेल तर तिथे आकडे रेकॉर्डच झालेले नाहीत, ब्राइटनेस कितीही कमी करा काही निघणार नाही. पण गाडी वळताना प्लेट जरा तिरकी होते, चकाकी कमी होते, त्या फ्रेम्स एकेक करून बघा. आकडे अंधुक दिसत असतील तर प्रत्येक फ्रेममधली प्लेट एकमेकांवर जुळवून १६ फ्रेम्सची सरासरी काढली की नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) साधारण पाव होतो, आणि हे कोर्टात टिकू शकतं कारण तीच सेटिंग वापरून दुसऱ्या कुणालाही तोच रिझल्ट मिळतो. म्हणून प्रत्येक स्टेप लिहून ठेवायची.

निशाचर:
भावाचा पाय फ्रॅक्चर आहे, शुद्धीवर आहे. डीव्हीआर अजून चालूच आहे, बंद करू का?

जुनाफ्रेम:
आधी डीव्हीआरवरचं घड्याळ आणि मोबाईलची वेळ एकाच फोटोत घ्या, किती मिनिटांचा फरक आहे ते विचारतातच. मग पोलिसांना आजच कळवा आणि कॅमेऱ्याच्या मालकाला सांगून रेकॉर्डिंग थांबवा, डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं.

निशाचर:
निघालोच.