मदत हवी आहे: १९७० ची फियाट ११०० डी घेतोय, रंगाखालचा पत्रा कसा तपासू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एक फियाट ११०० डी विकायला आहे, १९७० ची. डुक्कर फियाट नव्हे, तिच्यानंतरची, पुढे जिची पद्मिनी झाली ती. १०८९ सीसीचं इंजिन थंड असतानाही लगेच चालू झालं, धूर नाही, स्टिअरिंगवरचा गिअर अडखळत नाही. त्या बाजूने निर्धास्त आहे.

काळजी बॉडीची आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. आणि ही गाडी आधी मुंबईत, मग बरीच वर्षं अलिबागला होती, म्हणजे आयुष्यभर खारं वारं. मालकांनी नुकताच सगळा रंग नव्याने मारून घेतलाय आणि खालून ताजं काळं अंडरकोटिंगही मारलंय.

पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवून पाहिलं. उजव्या रनिंग बोर्डला, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीला, चिकटतं, डावीकडे मागच्या दाराखाली साधारण वीतभर जागेत पडूनच जातं. त्याच बाजूच्या दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं दिसत नाहीत. हेडलाइटच्या वर मडगार्डला रंगाचे बारीक फोड आहेत, आणि रंग तर नवा आहे!

रंग न खरवडता आणखी काय तपासता येईल? डावा रनिंग बोर्ड बदलावा लागला तर व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल का? गाडी मनापासून आवडली आहे, म्हणूनच घाई करायची नाही.

---

प्रतिसाद:

नव्या रंगाला फोड आले म्हणजे बहुधा गंज आतून येतोय. हेडलाइटच्या मागे चिखल साचून राहतो, तिथला पत्रा आतून सडतो आणि बाहेरून लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरून घासली की काही महिने छान दिसतं. लांबी ओल धरते, त्यामुळे खालचा गंज वाढतच राहतो. पण मडगार्डचं काम होऊन जातं, त्यावरून गाडी सोडू नका.

डावा रनिंग बोर्ड मात्र गंभीर आहे. चुंबक पडतं तिथे लांबी जाड आहे किंवा खाली पत्राच नाही. दारांची भोकं बुजली असतील तर पावसाचं पाणी दारातच साठतं, म्हणजे दारांचे तळही सडलेले धरा. गाडी जॅकवर घ्या आणि डावीकडची दोन्ही दारं उघडून-लावून पाहा. जमिनीवर नीट लागणारं दार उचलल्यावर अडकलं, किंवा फट वर-खाली वेगळी दिसली, तर सांगाडा वाकतोय. जॅक लावताना पत्रा चेपला तर उत्तर तिथेच मिळालं. नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका.

नंतर ती एखाद्या गॅरेजच्या रॅम्पवर चढवाच. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बॉडीला जिथे धरलेत, ती जागा सगळ्यात आधी पाहा. तिथला पत्रा गेला तर मागचा ॲक्सल जागेवर राहत नाही, जिवाशी खेळ आहे. आतून रबर मॅट आणि डिकीतलं स्टेपनीखालचं कापड उचला. कंपनीच्या जोडावर वेल्डिंगचे गोल खळगे ठरावीक अंतरावर दिसतात. त्याऐवजी ओबडधोबड टाके दिसले तर सडक्या पत्र्यावर नवा पॅच चढवलाय. मालक अंडरकोटिंग थोडंसं खरवडू देत नसतील तर मी व्यवहार करणार नाही.

नोंदणीचं म्हणाल तर २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नंबरांची मालिका आहे, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय तशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल किंवा दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोज फिरवायची असेल तर तो विचार सोडा, आणि आहे त्या आरसीचं नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे ते पैसे देण्याआधी बघा.

रॅम्पवर घेतलीत की पाट्यांच्या पुढच्या टोकांचे जवळून फोटो टाका, बघून सांगतो.