पाणीपट्टी कोणी भरेना, ग्रामसभेला कोणी येईना. काय करावं?

सोयाबीनला भाव नाही, कापसाचा पैसा कृषी केंद्राच्या उधारीतच जातो. अशात शिपाई मागणी बिल घेऊन दारात गेला की लोक विचारतात, "आधीच्या पैशाचं काय केलं?" नळयोजनेचं वीजबिल थकलंय. नवीन बॉडीवर विश्वास कसा बसेल?

उत्तर १
लोकांचा प्रश्न बरोबरच आहे, भाऊ. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फळा लावा, दर महिन्याला चार ओळी: पाणीपट्टी किती जमली, वीजबिल किती, ब्लीचिंग-दुरुस्ती किती, बाकी किती. आकडे रोकड वहीशी (नमुना 5) रुपयापर्यंत जुळवा. गोल आकडा दिसला की संशय आलाच. वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा पैसा वेगळा लिहा. 15व्या आयोगाच्या (2021 ते 2026) निधीतला 60 टक्के पाणी-स्वच्छतेलाच बांधलेला होता, हे माहीत नसल्यानं "रस्ता का नाही केला" म्हणून भांडणं होतात. आणि सदस्यांची थकबाकी आधी भरून घ्या! बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो.

उत्तर २
फळा ठीक, पण बाई नळाचं पाणी पाहते. 33 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर 10,000 लिटरच्या टाकीला 50 ग्रॅम. बादलीत कालवा, पावडरीतला चुना खाली बसू द्या, वरचं नितळ तेवढंच टाकीत ओता, अर्धा तास थांबून पाणी सोडा. मग गावातल्या शेवटच्या नळावर, चार बायांसमोर, ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिन द्रावणानं क्लोरीनची तपासणी) करा. नळीत पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलं. नाही आला तर बहुतेक वेळा पावडरचं पोतं उघडं राहून ताकद गेलेली असते, नाहीतर पाइप फुटलेला.

उत्तर ३
वसुलीची वेळच चुकते. घरपट्टीत 5 टक्के सूट 30 सप्टेंबरपर्यंत, अन् सोयाबीन निघतं ऑक्टोबरात! सूट घेणारे मग नोकरीवालेच. बाकीच्यांकडून दिवाळीनंतर हप्त्यानं घ्या. 200 रुपये दिले तरी नमुना 10 ची (कराची) पावती जागेवरच फाडा. ग्रामसभा कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला ठेवू नका, संध्याकाळी घ्या. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यातलं जे कमी असेल ते. तहकूब सभेला ती अट नसते, म्हणून मुद्दाम तहकूब करणारेही आहेत. लोकांना ते बरोबर कळतं.

प्रश्नकर्ता
ओटीचं द्रावण कुठं मिळेल?

उत्तर २
आरोग्य उपकेंद्रात विचारा. बाटली उन्हात ठेवू नका.