गॅस नको, हवा-पाण्यावर माळवं गार ठेवता येतंय काय?

कडोलीचा_माळवंवाला:
कोथिंबीर-मेथी संध्याकाळी काढतोय आणि पहाटे बेळगाव मार्केटला नेतोय, पण एप्रिलात रात्रभरात पाला असा मलूल होतोय की व्यापारी पेंढी उचलून परत खाली टाकतोय. जुन्या फ्रीजचा गॅस दोनदा भरला, परत गळाला. कोण म्हणालं हवा आणि पाण्यावर चालणारी मशीन असतात, गॅसच लागत नाही. खरं काय ओ?

फ्रीजमेस्त्री:
खरं हाय की. पाण्याला रेफ्रिजरंट (फ्रीजमधनं उष्णता ओढून नेणारा पदार्थ) म्हणून नंबर पण आहे, आर-७१८, हवेला आर-७२९. पण पाणी वाफ होतानाच उष्णता ओढतंय, आणि ते ५ डिग्रीला उकळवायचं तर दाब हवेच्या शंभराव्या हिश्शाच्या पण खाली न्यावा लागतोय आणि तिथं एक किलो वाफ जवळजवळ दीडशे घनमीटर जागा खातीय, मग कॉम्प्रेसर केवढा लागेल बघा. हवेचं म्हणाल तर ती दाबायची, तापली की उष्णता बाहेर टाकायची, मग टर्बाइनमधनं पसरू द्यायची, गार होऊन येतीय. विमानातला एसी बहुतेक असाच. १८८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाचं मांस जहाजातनं लंडनला गेलं ते पण असल्याच मशीनवर. करंट मात्र भरपूर खातंय, चार पेंढ्यांसाठी नको ते.

अथणीकर:
मशीन सोडा, विटांचा हौद बांधा. दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटचं (शेती संशोधन संस्था) डिझाइन आहे, विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटीमीटर फट, फटीत वाळू, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वर गवताचं झाकण आणि सावलीला छप्पर. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता नेतंय, म्हणजे विजेच्या पाऊण युनिटाच्या जरा खाली, ते पण फुकट. आमच्यात बाहेर ३८ असलं तर आत २५-२६.

जांबोटी_साईड:
अथणीची हवा कोरडी म्हणून हे बोलणं 😄 इकडं जून ते सप्टेंबर हवाच भिजलेली, पाणी उडतच नाही तर गारवा कुठनं येणार. खानापूरचा चांगला माठ घरात आहे, पावसाळ्यात तो पण नुसता ओला बसतोय. आणि पाणी पाल्यावर पडू देऊ नका, माझी मिरची देठाकडनं कुजली होती.

कडोलीचा_माळवंवाला:
मला एप्रिल-मे निघालं तरी बास. पडवी पाडलेल्या विटा आहेत. उंदरांसाठी आतनं सिमेंटचा गिलावा केला तर?

अथणीकर:
गिलावा केलासा की संपलं, पाणी झिरपायचं कुठनं? झाकणाखाली बारीक जाळी मारा.


कडोलीचा_माळवंवाला:
बरं. रविवारी वाळू आणतो.