एसटीचा संप : तुम्ही तेव्हा काय बोलला होतात? (अनुभव धागा)

कपाशीवाली
दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला तर लेकीच्या जुन्या कंपासपेटीतून तिचा एसटीचा पास निघाला. अहिल्याबाई होळकर योजनेतला, मुलींना फुकट असतो तो. फोटोत दोन वेण्या अन् वटारलेले डोळे. ऑक्टोबर २०२१ चा शिक्का आहे, पुढचे रकाने कोरे.

कोरोनानंतर ४ ऑक्टोबरला शाळा उघडल्या होत्या. लेक दहावीला. महिनाभर गाडीनं गेली न गेली तोच दिवाळीत संप लागला, तो पार एप्रिलपर्यंत.

आमच्याकडं मुक्कामी गाडी यायची. रात्री साडेआठला पाराजवळ लागायची, पहाटे सहाला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे, थंडीत गाडीतच. जेवण पाळीपाळीनं कुणाच्या तरी घरून जायचं. कंडक्टर मामा माझ्याकडून शेंगदाण्याची चटणी मागून न्यायचे, कागदाच्या पुडीत.

संपाला महिना झाला असंल, मी तालुक्याला गेले होते. डेपोच्या गेटवर संपवाल्यांचा मंडप, एसटी राज्य सरकारात विलीन करा म्हणून बसलेले, त्यात सतरंजीवर मामा. मला बघून हसले, उठून आले. अन् मी काय बोलावं? "तुमचं विलीनीकरण होईल तव्हा होईल, माझ्या लेकीची दहावी बुडाली तर तुम्ही भरून देणार का?" मोठ्यानं बोलले. मंडपातले सगळे बघायला लागले. मामांनी नुसती मान हलवली, हो म्हणल्यासारखी.

जानेवारीत शेवटच्या वेचणीला दुसऱ्या गावाहून टेम्पोत माणसं आणली होती, दहा रुपये किलोनं. दुपारी पाणी द्यायला गेले तर मामा! पँट तीच खाकी, वर जुना शर्ट, कमरेला ओटी बांधलेली. बाजूच्या तासात त्यांची बायको. तिनं दुप्पट वेचला होता, मामांच्या ओटीत निम्मा पाचोळाच. संध्याकाळी काटा केला, मामांचे अठरा किलो भरले. मी वहीत वीस लिहिले. तेवढंच जमलं. बोलणं काही जमलं नाही.

तेव्हा सगळेच काही ना काही बोलले असणार. कुणी शिव्या दिल्या असतील, कुणी डबे नेले असतील, कुणी दोन्ही. लिहा. भांडणं नकोत. म्हणजे थोडी चालतील.

डबलबेल
मी कंडक्टर. वाचलं. आत्ता गाडी लागलीय, रात्री लिहिते.

घाटीरोड
मी दिलेल्या शिव्या मागं घेणार नाही, आधीच सांगतो. वडलांचं डायलिसिस, आठवड्यातून दोन चकरा. एसटीत त्यांना अर्धं तिकीट होतं. संपात जीपवाल्यानं दोघांचे चारशे घेतले, वर म्हणतो परतीचे आत्ताच द्या नाहीतर जागा धरणार नाही. वडील मधल्या सीटवर, मांडीवर दुसऱ्याचं पोरगं, हाताला सुया टोचलेल्या. हे एक-दोन दिवस नाही, पाच महिने. पगार कमी होता, मान्य. पण भांडण सरकारशी अन् मार खाल्ला आम्ही. मंत्री एसटीनं जातो का?

सिंदफणा
घाटीरोड, वडील कसे आहेत आता?

घाटीरोड
गेले. २०२३ ला.

सिंदफणा
🙏

काळीपिवळी
मी त्यातलाच एक. जीप हाय मही, संपाच्या आधीपासून. आम्हाला लुटारू म्हणायच्या आधी हे बगा, नोव्हेंबरात सरकारनंच खासगी गाड्यांला प्रवासी भरायला परवानगी दिली व्हती. नाहीतर एरवी आरटीओ दिसला की आम्ही आडवाटंनं पळणारी माणसं. त्या पाच महिन्यांत आम्हाला कुणी हात नाही दाखवला, उलट हवालदारच म्हणायचा "ह्या म्हातारीला घे रे". चौदा-चौदा माणसं घेतली, खोटं कामून बोलू. टपावर बी घेतली. पैसे झाले. पण एप्रिलात एसटी सुरू झाली तव्हा पहिल्या दिवशी मीच फाट्यावर थांबून फुगा बांधला गाडीला. का बांधला ते मला बी कळालं नाही.

येळवस
धंदा बुडाला म्हणून फुगा 😂

काळीपिवळी
तसंच काहीतरी 😂

लातूरचा_पोरगा
मी ड्रायव्हरचं पोरगं हाव. दुसरी बाजू लिहितो, मोबाईलवर टायपायलाव, चुका माफ.

पप्पा २००९ ला लागले. संपाच्या वक्ताला बारा वर्षं झालती. हातात सतरा हजार, पतपेढीचा हप्ता जाऊन अकरा. तेबी वेळेवर न्हाई, कोरोनात दोन-तीन महिने पगारच नव्हता. दिवसभर गाडी, रात्री मुक्काम, सकाळी तीच गाडी परत.

२४ नोव्हेंबरला वाढ जाहीर झाली. दहा वर्षांच्या आतल्याला मूळ पगारात ५०००, दहा ते वीसवाल्याला ४०००, वीसच्या वर २५००. पप्पाला चार हजार बसलते. त्या रात्री आमच्या घरात जे भांडण झालं ते मी अजून इसरलो न्हाई. मम्मी म्हणली, चार हजार कमी हायत का, जावा उद्या ड्युटीवर. पप्पा म्हणले, "मंडपातून एकटा उठून गेलो तर उद्या ह्याच लोकासंगं पंक्चर काढायचं हाय मला." दोघंबी बरोबरच होते की.

मग कारवाईची पत्रं सुरू झाली. पोस्टमन रजिस्टर घेऊन यायचा. आज्जी दारात बसून सांगायची, "त्यो घरी न्हाई." पप्पा आत भाकरी खाताना. पोस्टमन बी ऐकून घ्यायचा, पप्पाच्या गाडीनंच आयुष्यभर फिरलेला. आज्जीला विलीनीकरण म्हणता येत नव्हतं, ती म्हणायची "माह्या लेकाचं विलनीकरण कव्हा हाय?"

येळवस
विलनीकरण 😂😂 आमच्या मामीला वाटायचं ते विहिणीकरण. म्हणजे दोन घरच्या विहिणी एकत्र.

लातूरकर, त्या वर्षीची वेळ अमावस्या आठवते का, पाहुण्यांना घेऊन शेतात पूजा-जेवण करायचा आपला सण? २ जानेवारी. शेतात जायला गाडी नाही म्हणून निम्मे पै-पाहुणे आलेच नाहीत. केलेलं सगळं उरलं. मग आमच्या भावकीनं काय केलं, आंबिलाचं बिंदगं, भज्जी, उंडे ट्रॅक्टरात घातले आणि डेपोच्या मंडपात नेऊन ठेवले. ज्यांच्यामुळं पाहुणे आले नाहीत त्यांनाच पाहुणे केलं. आमचे चुलते वाढताना शिव्या देत होते आणि "आणखी घ्या" पण म्हणत होते.

लातूरचा_पोरगा
कोणतं गाव हो तुमचं? पप्पा त्या दिवशी घरी आंबील घेऊन आलते तांब्यात!!

येळवस
गाव सांगत नाही, चुलते इथं वाचतात.

मास्तर_निवृत्त
सर्वांचे अनुभव वाचले. थोडे मागे जातो. १ जून १९४८ ला पुणे–नगर पहिली एसटी धावली म्हणून दरवर्षी वाढदिवस साजरा होतो. त्या दिवशी आपण मराठवाडेकर मात्र निजामाच्या राज्यात होतो, आपली सुटका १७ सप्टेंबरला. आपल्याकडे सरकारी मोटार त्याही आधीची. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ पासून बस चालवल्या. सुरुवातीला फक्त २७ गाड्या होत्या. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा ती व्यवस्था सोबत आली आणि पुढे महामंडळात मिसळली. म्हणजे विलीनीकरण हा शब्द आपल्या एसटीला नवा नाही. एकदा झालेले आहे.

येळवस
मास्तर, शेवटचं वाक्य भारी.

जोंधळा
विषयांतर आहे पण मास्तर अजून लिहा. निजामाच्या बसचं तिकीट कुणाकडं आहे का?

मास्तर_निवृत्त
नाही. वडिलांकडे होते, घरात पाणी शिरले तेव्हा गेले.

सिंदफणा
२०१७ चा संप कुणालाच आठवत नाही का? तोही ऐन दिवाळीत, १७ ऑक्टोबरला सुरू झाला. मी पुण्यात कंपनीत. बीडला यायचं, हातात आईसाठी साडी आणि भावाच्या पोरांसाठी फटाके. ट्रॅव्हल्सवाला पंधराशे म्हणाला, घासाघीस केली तर म्हणे मागच्याला विचारा. मागचा अठराशे द्यायला तयार. शेवटी कांद्याच्या परत जाणाऱ्या ट्रकमध्ये आलो, फटाके मांडीवर, ड्रायव्हर बिडी ओढतोय. पूर्ण घाट जीव मुठीत. चार दिवसांनी कोर्टानं संप बेकायदेशीर ठरवला आणि गाड्या सुरू झाल्या. मी परत जाताना त्याच लालपरीनं गेलो. कंडक्टरला चिडून म्हणालो "झाली का दिवाळी?" तो म्हणाला "डेपोतच झाली." पुढं काय बोलणार.

जोंधळा
चार दिवस, पाच महिने, अन् २०२४ ला दोनच दिवस. गणपतीच्या तोंडावर ३ सप्टेंबरला बसले, ४ ला साडेसहा हजाराची वाढ घेऊन उठले. ७ ला गणपती. त्याच सुमारास विधानसभा पण जवळ होती, हे मी म्हणत नाही, सगळा गाव म्हणत होता. माझं मत विचाराल तर संप किती दिवस चालला यापेक्षा कधी केला यावर सगळं आहे. पाच महिने बसणारे खरे होते पण त्यांच्या मागे पुढारी फार झाले.

घाटीरोड
हे बरोबर. आझाद मैदानात भाषणं ठोकणारे संध्याकाळी आपापल्या गाडीत बसून गेले. मंडपातला माणूस तिथंच.

लातूरचा_पोरगा
घाटीरोड काका, तुमच्या वडलांचं वाचून पप्पाला दाखवलं. ते काही बोलले न्हाईत. लई वेळ मोबाईल हातात धरून बसले.

घाटीरोड
त्यांना सांग राग त्यांच्यावर नाही. म्हणजे होता. आता कुणावर आहे ते नीट सांगता येत नाही.

बालाघाटी
सिल्व्हर ओकवर, शरद पवारांच्या मुंबईतल्या घरावर, संपकरी चालून गेले त्यावर कुणीच बोलत नाही??

कपाशीवाली
दादा, ते इथं नको. कोर्टानं ७ एप्रिलला सांगितलं २२ पर्यंत कामावर या, अन् दुसऱ्याच दिवशी ते झालं. आमच्या गावात त्यावरून दोन भाऊ अजून बोलत नाहीत.

बालाघाटी
बरं. मग भूमकडून कुणी येणार असेल तर कुंथलगिरीचे पेढे आणा. एसटीत खिडकीतून घ्यायचो.

डबलबेल
आले. आज दोन फेऱ्या जास्तीच्या झाल्या, पाय सुजलेत.

मी संपात पूर्ण पाच महिने होते. बायांसाठी प्रश्न नुसता पगाराचा नव्हता. आमच्या डेपोत बायांच्या विश्रांतीखोलीच्या बाथरूमला आतून कडी नव्हती, एकीनं बाहेर उभं राहायचं. स्टँडवर जावं तर तिथं पाय ठेववत नाही, म्हणून मी ड्युटीवर पाणीच कमी प्यायचे. मुतखडा झाला. हे कुठल्या मागणीपत्रात लिहायचं सांगा.

हजर झाले तो दिवस सांगते. एप्रिलचं ऊन. पाच-सहा महिने उभ्या गाड्या, बॅटऱ्या उतरलेल्या, टायर बसलेले. माझ्या गाडीत सीटखाली उंदरानं रेक्झिन कुरतडून घर केलेलं. तिकीट मशीन चार्जिंगच धरेना, मग जुना तिकिटाचा ट्रे काढला, पंच शोधायला अर्धा तास. मागच्या काचेवर एवढी धूळ की कुणीतरी बोटानं लिहिलं होतं "कामावर या". त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात "पगार द्या". ड्रायव्हर दादा पुसायला गेले, मी म्हणलं राहू द्या आजचा दिवस.

पहिल्याच थांब्यावर एक म्हातारी चढली. मला वाटलं आता ही सुरू होणार. तिनं पिशवी ठेवली, माझ्याकडं वर-खाली बघितलं अन् म्हणली, "आलीस का गं माहेराहून? लई दिवस ऱ्हायलीस." सगळी गाडी हसली. मग तिनं अर्ध्या तिकिटासाठी आधारकार्ड काढलं, ते पाच मिनिटं सापडेना, ते वेगळं.

आता १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट आहे. गाड्या तेवढ्याच, गर्दी डबल. परवा एक ताई दरवाज्यात लटकून मला म्हणतात, "तुमचं बरंय, पगार वाढलाय." मी म्हणलं ताई आत सरका. 

कपाशीवाली ताई, तुमचे मामा बोलले नाहीत त्याचं मनाला लावून घेऊ नका. मंडपात आम्हाला दिवसातून दहा माणसं तेच बोलायची. आमचीही पोरं दहावीला होती.

कपाशीवाली
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचंही कुणी दहावीला असेल का, मी कधी विचारलंच नाही.

येळवस
लेक पास झाली का ते तरी सांगा, अख्खा धागा वाचला.

कपाशीवाली
झाली की. त्या वर्षी परीक्षा आपापल्याच शाळेत होती, १५ मार्चला पहिला पेपर. भावानं मोटारसायकलवर नेलं, सोबत गावातल्या आणखी दोघी, एका गाडीवर चौघं. ७८ टक्के. आता नर्सिंगला आहे.

जोंधळा
मुक्कामी गाडी सुरू झाली का तुमच्याकडं? आमची संपात गेली ती गेलीच. आता पहिली गाडी साडेनऊला, कॉलेज साडेआठचं.

कपाशीवाली
आमची पण नाही. मामा रिटायर झाले असं ऐकलं.

डबलबेल
दोघांनी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. आगार व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज, सोबत रोजचे पासधारक किती त्यांची यादी जोडा. गाडी वळायला जागा आहे असं स्पष्ट लिहा. आणि दोन माणसांना झोपायला खोली.

जोंधळा
समाजमंदिराची खोली आहे. कुलूप लावून असते.

डबलबेल
पंखा आहे का? संडास?

जोंधळा
पंखा नाही. संडास आहे, पाणी शेजारच्या हापशाचं.

डबलबेल
मग आधी पंखा लावा, मग अर्ज करा. अन् कडी बघून घ्या.