घागरभर शिवराई म्हणजे नक्की किती?

वर एकांनी लिहिलंय की पन्हाळ्याकडच्या शेतात दहा लिटरच्या घागरीत ‘लाखभर’ शिवराई, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी निघाली, अशी गावात चर्चा आहे. गणित बसत नाही हो.

तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड. पण नाणी ओतली की आडवीतिडवी पडतात, मधे पोकळी राहते. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आज्जीचा एक तांब्या आहे, त्यात पंचम जॉर्जच्या काळातली पाव आण्याची नाणी काठोकाठ भरलेली. तांब्यात मावतं ७०० मिलिलिटर. नाण्यांवरून मापाने पाणी ओतलं, ३०० मिली बसलं. म्हणजे धातू ४०० मिली, वजन साडेतीन किलो. वाण्याच्या काट्यावरही तेवढंच भरलं. पाव आणा ४.९ ग्रॅमचा, म्हणजे नाणी सातशेच्या आसपास. (जुन्या नाण्यांवर पाणी ओतू नका, मी ओतलं आणि आज्जीच्या शिव्या खाल्ल्या. आजची चिल्लर वापरा, पोकळीचा अंदाज तोच येतो.)

थोडक्यात लिटरमागे पाच किलो धरा. दहा लिटरच्या घागरीत पन्नास किलो. शिवराई दहा ग्रॅमची धरली तर पाच हजार नाणी, झिजलेली हलकी असतील तर थोडी जास्त. लाख नाणी म्हणजे एक टन! ती घागर बांधावरून उचलली कुणी, क्रेननं?

आणि खरंच सापडली असतील तर आधी कलेक्टर कचेरीत कळवायला सांगा. १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा अजून लागू आहे.